टेप, वही आणि दहा रुपयांचं तिकीट

आमच्या कॉलनीच्या टोकाला पालिकेचं उद्यान आहे. चार गुलमोहर, एक बंद पंपहाऊस आणि मधोमध कोरडं कारंजं. 2024 च्या मार्चमध्ये तिथे एकाएकी लगबग सुरू झाली. मार्चअखेर म्हणजे पालिकांच्या घरचं लग्नच. निधी परत जाऊ नये म्हणून जे वर्षभर सुचलं नाही ते पंधरा दिवसांत उरकायचं. पेव्हर ब्लॉकची पायवाट झाली, सिमेंटचे बाक आले, व्यायामाची निळी-पिवळी यंत्रं उभी राहिली. एक शौचालय बांधून त्याला कुलूप लागलं, ते आजही आहे. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि पायवाट ठिकठिकाणी बसली. सायकलीच्या यंत्राचा एक पायडल त्याआधीच गेला होता.

संध्याकाळी बाकांवर जमणाऱ्या आम्हा मंडळींना पावसाळाभर पुरेल एवढा विषय मिळाला. ‘सगळे चोर आहेत’ हे वाक्य मी स्वतः निदान शंभर वेळा म्हटलं असेल. एके दिवशी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी, ज्यांना सगळी कॉलनी ‘ओव्हरसिअरसाहेब’ म्हणते, ते वैतागून म्हणाले, “ताई, चोर म्हणून काय होणार? एमबी मागवा.”

एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, मोजमाप पुस्तिका. मी 32 वर्षं बँकेत काढली. व्हाउचरशिवाय पैसे दिले की संध्याकाळी कॅश जुळत नाही, एवढं मला कळतं. पालिकेच्या बांधकामाचं व्हाउचर म्हणजे ही पुस्तिका. ती हातात येईपर्यंत आणि आल्यावर जे केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. आमचं गाव नगरपरिषदेचं. महानगरपालिकेत हुद्द्यांची नावं बदलतील, कागद तेच असतात.

साहित्य

शंभर पानी वही. 30 मीटरची फायबरची टेप (कापडी घेऊ नका, ताणली जाते). पोलादी फूटपट्टी. फोटोवर तारीख-वेळ उमटेल असा मोबाइल. दहा आणि वीस रुपयांची कोर्ट फी तिकिटं; तहसील कचेरीबाहेर स्टॅम्पवाल्याकडे मिळतात. कागद ठेवायला प्लास्टिकची फाइल. आणि बांधकाम खात्यात नोकरी केलेला एक शेजारी. ही शेवटची वस्तू विकत मिळत नाही, पण तालुक्याच्या गावात दर दोन गल्ल्यांआड एक सापडतेच. राग चवीपुरता.

पायरी 1 : एकच काम धरा

सुरुवातीला माझ्या यादीत सात कामं होती: रस्ता, गटार, दिवाबत्ती, स्मशानभूमीची शेड आणि काय काय. ओव्हरसिअरसाहेबांनी सहा खोडली. एक तर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे माहिती अधिकाराच्या एका अर्जात एकच विषय चालतो आणि मजकूर 150 शब्दांत बसवावा लागतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. काम असं हवं की ते पूर्ण झालेलं आहे, डोळ्यांना दिसतं आणि मोजता येतं. जमिनीखालच्या पाइपलाइनपासून सुरुवात करणाऱ्याची उमेद पहिल्या महिन्यातच संपते. पायवाट, बाक, कुंपण, दिव्याचे खांब, शौचालयाच्या फरशा ही नवशिक्याची कामं. कामाचा दोष दायित्व कालावधी अजून चालू असेल तर उत्तमच. तो काय असतो ते पुढे येईल.

पायरी 2 : फाइल पाहण्याआधी जागा मोजा

हा क्रम उलटा करू नका. आधी कागद पाहिला की डोळे कागदातलेच आकडे शोधायला लागतात.

पहिल्या दिवशी कामाच्या फलकाचा फोटो काढा. कामाचं नाव, कोणत्या निधीतून, किती रकमेचं, ठेकेदार कोण, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख हे त्यावर असायला हवं. फलकच नसेल तर रिकाम्या जागेचा फोटो काढा. कधी कधी फलकाचा खर्चही अंदाजपत्रकात धरलेला असतो.

मग मोजणी. दोघं हवेत, एक टेप धरायला आणि एक लिहायला. प्रत्येक मापाचा टेपसकट फोटो घ्या. वहीत तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या. बाकांसारख्या वस्तू मोजताना नुसता आकडा लिहू नका, जागा लिहा: फाटकापाशी 3, कारंज्याभोवती 6, याप्रमाणे. आमचे बाक 17 भरले. मोजताना लोक थांबून विचारतात, काय चाललंय? “मोजतेय” एवढंच सांगायचं. भाषण सुरू केलं की मोजणी राहून जाते.

पायवाट मोजताना आम्ही दोन चुका केल्या, त्या तुम्ही करू नका म्हणून सविस्तर सांगते. उद्यानाला फेरी मारणारी वाट आम्ही हिरवळीच्या बाजूने, म्हणजे आतल्या कडेने मोजली. 184 मीटर भरली. रुंदी दीड मीटर, म्हणजे 276 चौरस मीटर. पुढे बिलात 360 चौरस मीटर दिसले. तब्बल 84 चौरस मीटरचा फरक! मला तर त्या रात्री झोप लागली नाही. ओव्हरसिअरसाहेबांनी मात्र सकाळी पुन्हा टेप काढायला लावली. गोल फिरून मिळणारी वाट मध्यरेषेवर मोजायची असते. दीड मीटर रुंदीच्या वाटेची मध्यरेषा आतल्या कडेपेक्षा सुमारे 4.7 मीटरने जास्त भरते, फेरी लहान असो की मोठी. झाले 283 चौरस मीटर. शिवाय पंपहाऊसमागून शौचालयाकडे जाणारा 36 मीटरचा फाटा आम्ही विसरलोच होतो, कारण कुलूपबंद शौचालयाकडे कोणी जातच नाही. त्याचे 54. बेरीज 337. फरक उरला 23 चौरस मीटरचा.

84 घेऊन पालिकेत गेले असते तर कनिष्ठ अभियंत्याने दोन मिनिटांत मला खोटं पाडलं असतं आणि खऱ्या 23 वरही पाणी फिरलं असतं.

पायरी 3 : पैसा कोणाचा ते पाहा

इथे फार वेळ घालवू नका. उद्यान पालिकेचं असलं तरी काम पालिकेच्या स्वतःच्या निधीतून, पंधराव्या वित्त आयोगातून, नगरोत्थानमधून, जिल्हा नियोजन समितीच्या किंवा आमदार-खासदार निधीतून झालेलं असू शकतं. काम करून घेणारी यंत्रणाही वेगळी असू शकते, बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभाग. फलकावरून कळलं तर बरं, नाही तर पालिकेलाच अर्ज करा. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवून तुम्हाला कळवायचं काम त्यांचं, कायद्याचं कलम 6(3) तसं सांगतं. ‘ते आमच्याकडे नाही, तिकडे जा’ हे खिडकीवरचं उत्तर ऐकून परत फिरू नका.

पायरी 4 : अर्ज

माझा पहिला मसुदा असा होता: ‘चार महिन्यांत पायवाट का खचली? निकृष्ट कामाला जबाबदार कोण? शौचालय बंद का?’ लिहून झाल्यावर फार बरं वाटलं. आणि तो पूर्ण निकामी होता.

माहितीचा अधिकार म्हणजे कार्यालयात असलेल्या कागदाचा अधिकार. ‘का’चं उत्तर फाइलमध्ये लिहिलेलं नसेल तर ते तयार करून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 साली हे स्पष्टच केलं. म्हणून प्रश्नचिन्ह असलेलं एकही वाक्य अर्जात ठेवू नका. कागदाचं नाव घ्या. आणि तुम्हाला माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, कलम 6(2) प्रमाणे ते कोणी विचारूही शकत नाही.

महाराष्ट्रात अर्जाचा नमुना ‘जोडपत्र अ’ या नावाने ठरलेला आहे. त्यात भरलेला आमचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा देते:

माहितीचा विषय : अमुक प्रभागातील उद्यानात पेव्हर ब्लॉक पायवाट, बाक व अनुषंगिक कामे.

कालावधी : 1 एप्रिल 2023 ते 30 सप्टेंबर 2024.

माहितीचे वर्णन : वरील कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. प्रशासकीय मान्यता व तांत्रिक मान्यता, मंजूर अंदाजपत्रक, स्वीकृत निविदा, करारनामा व कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित सर्व पाने, अदा केलेली सर्व देयके, साहित्य चाचणी अहवाल व गौण खनिज स्वामित्वधनाच्या पावत्या, काम पूर्णत्वाचा दाखला, दोष दायित्व कालावधीची नोंद असलेला कागद, त्रयस्थ तपासणी अहवाल. तसेच संपूर्ण नस्तीची पाहणी करू द्यावी.

माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः : व्यक्तिशः.

शब्द शंभराच्या आत. ‘नस्ती’ म्हणजे फाइल. हा सरकारी शब्द वापरला की समोरच्याला कळतं, अर्ज कोणा जाणकाराला दाखवून आणलाय. वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ आहे, दाखल्याची प्रत जोडावी लागते. अर्ज राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. मी हाताने दिला, कारण मला टेबलापलीकडचा माणूस पाहायचा होता.

कागदांच्या यादीत गंमत आहे. माझ्या एका मैत्रिणीने तिच्या गावात ‘या कामाची संपूर्ण माहिती द्यावी’ असा अर्ज केला. तिला एका पानाचं उत्तर आलं: काम पूर्ण झाले आहे.

पायरी 5 : पोच

आवक-जावकच्या टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. “काकू, ठेवून जा, साहेब आले की देतो” या प्रेमळ वाक्याने कित्येक अर्ज गिळले आहेत. तिथेच कॅलेंडरवर तीन खुणा करा: अर्जापासून 30 दिवस, त्यानंतर अपिलाचे 30 दिवस, आणि अपिलाच्या निकालाचे जास्तीत जास्त 45. आम्ही 7 ऑक्टोबर 2024 ला अर्ज दिला. 6 नोव्हेंबर उजाडला, उत्तर नाही. मध्ये दिवाळी होती हे खरं, पण कायद्यात दिवाळीची सूट नाही.

पायरी 6 : उत्तर आलं, अर्धं आलं किंवा आलंच नाही

झेरॉक्सचे पैसे भरा असं पत्र आलं तर पानाला दोन रुपये हा दर आहे. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीसात धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. पानं खूप निघाली तर आधी फाइल पाहा आणि हवी ती पानंच मागा. पाहणीचा पहिला तास फुकट असतो.

पाहणीसाठी एक सोपी वाटही आहे. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाने जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला खुले ठेवायला सांगितलं आहे. पुण्याच्या महापालिकेत ही प्रथा त्याआधीच पडली होती. आमच्या पालिकेत सोमवारी गेले तेव्हा खिडकीवरच्या मुलाने हे ऐकलंच नव्हतं. शासन निर्णयाची प्रत बरोबर न्या. तोंडी सांगण्यापेक्षा छापील कागदाला तिथे मान आहे.

काहीच आलं नाही तर प्रथम अपील. जोडपत्र ब, वीस रुपयांचं तिकीट, अपिलीय अधिकारी म्हणजे माहिती अधिकाऱ्याचा वरिष्ठ. अपिलात चिडचिड नको. ‘अमुक तारखेचा अर्ज, अमुक आवक क्रमांक, विहित मुदतीत माहिती मिळाली नाही, कलम 7(6) प्रमाणे आता ती विनामूल्य मिळावी’ एवढं पुरे. आमची सुनावणी डिसेंबरात झाली, पाच मिनिटांत संपली आणि सात दिवसांत माहिती द्या असा आदेश निघाला. खरं सांगायचं तर आदेशापेक्षा सुनावणीच्या नोटिशीनेच फाइल शोधली गेली.

तिथेही काम झालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपयांप्रमाणे 25,000 पर्यंत दंड करू शकतो. पण तिथे रांग मोठी आहे, तारीख लागायला महिनोन्‌महिने जातात. म्हणून पहिल्या अपिलातच कागद पदरात पाडून घ्या.

पायरी 7 : फाइल वाचणं

इथे घाई करू नका. आम्ही चार संध्याकाळी घालवल्या, चहाचे दोन थर्मास.

आधी तारखा एका पानावर उतरवा. मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप, पूर्णत्वाचा दाखला, देयक. आमच्या फाइलीत पूर्णत्वाचा दाखला 31 मार्च 2024 चा होता. माझ्या मोबाइलमध्ये नातीचा त्याच उद्यानातला फोटो 9 एप्रिलचा, आणि तिच्या मागे वाळूचा ढीग आणि न बसवलेल्या ब्लॉकची चवड. नातीचे फोटो काढत राहा, कधी काय कामी येईल सांगता येत नाही.

मग अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका शेजारी शेजारी ठेवा. पुस्तिकेत प्रत्येक बाबीला संख्या, लांबी, रुंदी, खोली किंवा उंची आणि शेवटी परिमाण असे रकाने असतात. पानांना छापील क्रमांक असतात. खाडाखोड चालत नाही, चूक झाली तर आकड्यावर रेघ मारून शेजारी सही करतात. कनिष्ठ अभियंता माप लिहितो आणि वरिष्ठ काही मापं स्वतः तपासून सही करतो. तपासणीची सही आहे का, कोणत्या तारखेची, ते पाहा. सगळी मापं एकाच पेनाने, एकाच दिवसाची असतील तर ओव्हरसिअरसाहेब नुसते हसतात. “ही टेबलावरची मोजणी,” म्हणाले.

एककांची थोडी तयारी लागते. एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट. मुरूम-वाळू बोलीत ब्रासने आणि बिलात घनमीटरने असते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर.

वर दिसणाऱ्या बाबी आपण मोजू शकतो, म्हणून तिथे गडबड कमी असते. खरी गडबड झाकलेल्या बाबींत. पायवाटेखाली 15 सेंटिमीटर मुरूम भरून दाबल्याचं आमच्या पुस्तिकेत होतं. 360 चौरस मीटरला 15 सेंटिमीटर म्हणजे 54 घनमीटर, म्हणजे 19 ब्रास. ओव्हरसिअरसाहेबांचा प्रश्न साधा होता: 19 ब्रास मुरमाचे डंपर या फाटकातून आत आलेले कोणी पाहिले? फाटकासमोरच्या चहावाल्याला दोन आठवत होते. पण चहावाल्याची आठवण पुरावा होत नाही. म्हणून अर्जात स्वामित्वधनाच्या पावत्या मागितल्या होत्या. गौण खनिज आणलं तर सरकारला रॉयल्टी भरल्याच्या पावत्या ठेकेदाराने द्यायच्या असतात. नसतील तर ती रक्कम बिलातून कापतात. आमच्या फाइलीत पावत्या नव्हत्या आणि देयकाच्या कपातीत रॉयल्टीचा रकानाही कोरा होता. अनामत कापली होती, आयकर कापला होता, एक टक्का कामगार उपकर कापला होता. मुरूम तेवढा आभाळातून पडला असावा.

निविदेचा टक्काही पाहा. ठेकेदाराने अंदाजपत्रकापेक्षा फार ‘बिलो’ दर भरला असेल तर बचत झाली म्हणून खूश होऊ नका. कुठेतरी जाडी कमी झालेली असते. खचलेल्या जागी निघालेल्या ब्लॉकला पट्टी लावा. अंदाजपत्रकात 60 मिलिमीटर लिहिलं असेल तर 60 भरले पाहिजेत. आमचे भरले, हेही लिहायला हवं. ब्लॉक चांगले होते, त्यांच्याखाली काही नव्हतं.

आणि एकाच जागेच्या कामाचे तीन-चार तुकडे करून वेगवेगळ्या निविदा काढल्या आहेत का, हे पाहा. ई-निविदेची मर्यादा चुकवायचा तो जुना रस्ता आहे.

शेवटी बाक. पुस्तिकेत 24, जागेवर 17.

पायरी 8 : लेखापरीक्षणाचा आधार घ्या

पालिकेच्या हिशेबाचं स्थानिक निधी लेखापरीक्षण होतं आणि त्याचे अहवाल हा माहिती अधिकारात मिळणारा कागद आहे. वेगळ्या अर्जाने मागा, विषय वेगळा असल्यामुळे. त्यात दोन शब्द शोधा: ‘आक्षेपाधीन रक्कम’ आणि ‘वसूलपात्र रक्कम’. तुमच्या कामाचं वर्ष अजून तपासलं गेलं नसेल, तरी मागच्या वर्षांचे आक्षेप वाचून पालिकेची सवय कळते. आमच्याकडे स्वामित्वधन न कापल्याचा आक्षेप आधीच्या एका वर्षातही होता. तुमच्या तक्रारीत त्या परिच्छेदाचा क्रमांक घातलात की ती एका कटकट्या बाईची तक्रार राहत नाही.

पायरी 9 : तक्रार आणि संयुक्त मोजणी

आता तक्रार लिहा, एका पानाची. मुख्याधिकाऱ्यांना, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेला. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द घालू नका. तीन रकाने करा: बाब, पुस्तिकेतलं परिमाण, जागेवरचं परिमाण. खाली एकच मागणी: आमच्या उपस्थितीत संयुक्त मोजणी व्हावी. झाकलेल्या बाबीसाठी कलम 2 मधला एक अधिकार फारसा कोणी वापरत नाही, तो वापरा: साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा. स्वतः कुदळ घेऊन उद्यान खणू नका, तो गुन्हा तुमच्यावरच येईल. त्यांच्या माणसाने त्यांच्या हाताने एक चौरस मीटर उकलावं आणि सगळ्यांनी पाहावं.

लोकशाही दिनाचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तिथे वैयक्तिक गाऱ्हाणी घेतात, सार्वजनिक कामाचं प्रकरण परत येतं. आमचा एक महिना त्यात गेला.

फेब्रुवारीत संयुक्त मोजणी झाली. कनिष्ठ अभियंता तरुण होता, आदल्या वर्षी बदलून आलेला. पुस्तिकेतली सही त्याची नव्हती. त्याने टेप धरली, मी लिहिलं. पायवाट 337 चौरस मीटर भरली. दोन जागी ब्लॉक काढले, खाली मुरूम एका जागी 6 सेंटिमीटर, दुसऱ्या जागी नुसती वाळू. 24 पैकी 4 बाक स्मशानभूमीत सापडले. तोंडी सांगण्यावरून तिकडे हलवले म्हणे. 2022 नंतर राज्यातल्या बहुतेक पालिकांसारखा आमच्याकडेही प्रशासक होता, नगरसेवक पदावर नव्हते, तरी तोंडी सांगणारे होतेच. उरलेल्या तीन बाकांबद्दल पंचनाम्यात ‘आढळून आले नाहीत’ असं लिहिलं. त्या तीन शब्दांखाली पालिकेचा शिक्का बसला, आणि मला 32 वर्षांत कॅश जुळल्यावर जेवढं बरं वाटलं नव्हतं तेवढं वाटलं.

पायरी 10 : दोष दायित्व

कुणाला एवढं लांब जायचं नसेल तर पायरी 5 वरून थेट इथे या. काम पूर्ण झाल्यापासून करारात ठरलेल्या काळापर्यंत दोष निघाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. त्यासाठीच त्याची अनामत पालिकेकडे अडकलेली असते. हा काळ किती ते करारात असतं, आमच्याकडे तीन वर्षं. तो संपला की अनामत परत जाते आणि दुरुस्ती पुन्हा आपल्या घरपट्टीतून. गंमत अशी की पालिका आपण होऊन हे फारसं कोणाला आठवण करून देत नाही, आणि खचलेल्या पायवाटेसाठी पुढच्या मार्चमध्ये नवं अंदाजपत्रक तयार होतं. म्हणून साधं पत्र द्या: अमुक काम, दोष दायित्व अमुक तारखेपर्यंत, सोबत फोटो, ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी, तोवर अनामत परत करू नये. यात कोणावर आरोप नाही, त्यामुळे कोणी दुखावत नाही. आमची खचलेली वाट मे महिन्यात, पावसाच्या आधी, ठेकेदारानेच उकलून पुन्हा बसवली. या वेळी मुरमाचे डंपर चहावाल्याने मोजले.

काही पथ्यं

कागद हातात येण्याआधी कॉलनीच्या ग्रुपवर कोणाला चोर ठरवू नका, बदनामीची नोटीस तुमच्या दारी येईल. ठेकेदाराचा फोन आला तर “पत्र पालिकेला दिलंय” एवढंच. भेटायला जायचं नाही, चहालासुद्धा. एका वेळी चाळीस अर्ज टाकू नका. त्याने अधिकारी हैराण होतो आणि तुमचं नाव खराब होतं. आणि एकट्याने करू नका. माहिती मागणं हा धोक्याचाही उद्योग आहे. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींचा 2010 च्या जानेवारीत खून झाला तेव्हा सगळ्या राज्याला ते कळलं. त्यांची प्रकरणं जमिनीची होती, आपली पायवाटेची. तरीही पालिकेत जाताना आम्ही तिघं जायचो, आणि तक्रारीवर बारा घरांच्या सह्या होत्या.

बिलं आणि हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवायची रीत राजस्थानातल्या खेडुतांनी घातली. 1994 च्या डिसेंबरात कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली आणि लोकांनी आपल्याच नावावर न झालेल्या कामाची मजुरी ऐकली. आपल्याकडे राज्याचा कायदा आधी आला, 2003 च्या आझाद मैदानावरच्या उपोषणानंतर तो खऱ्या अर्थाने हलला. देशाचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू आहे. आम्हीही आमची मोजमाप पुस्तिका कोजागरीला उद्यानात वाचली. दूध आटेपर्यंत सगळी पानं झाली. सगळ्यांत जास्त हशा स्मशानातल्या बाकांना मिळाला.

23 चौरस मीटरच्या वसुलीचं पत्र आलं आहे, ‘कार्यवाही प्रस्तावित’ असं. तीन बाक अजून आलेले नाहीत. शौचालयाच्या कुलपाचा अर्ज वेगळा टाकला आहे, कारण एका अर्जात एकच विषय. दोष दायित्व 30 मार्च 2027 ला संपतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला ते पान अजून लागलेलं नाही, म्हणून तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवली आहे, आणि खाली: फेब्रुवारीत पुन्हा टेप काढणे.